डॉक्टरांनी न विचारलेला प्रश्न

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन पाळला जातो. त्या दिवशी प्रभातफेऱ्या निघतात, सरकारी कार्यालयांतून शपथा घेतल्या जातात, रुग्णालयांच्या भिंतींवर नवी भित्तिपत्रके लागतात. आणि दुसऱ्या दिवसापासून पानाच्या टपरीवरचा व्यवहार पूर्ववत सुरू होतो. तंबाखूच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे कायदा, कर आणि जाहिरातबंदी या तीन गोष्टींभोवती फिरते. या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु तंबाखूचे व्यसन असलेला माणूस ज्या एका ठिकाणी आपल्या शरीराची काळजी घेऊन स्वतःहून येतो आणि समोरच्याचे ऐकण्याची तयारी ठेवून बसतो, त्या ठिकाणाकडे या चर्चेत क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ते ठिकाण म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना होय.

तेथे काय घडते, याची काही कल्पना उपलब्ध आकडेवारीवरून येते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१६-१७ साली देशातील प्रौढांच्या तंबाखूसेवनाची पाहणी केली. तीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे, कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होती. २००९-१० च्या पाहणीत हे प्रमाण ३४.६ टक्के होते, तेव्हा घट झाली हे मान्य केले पाहिजे. परंतु याच पाहणीत आणखी एक प्रश्न विचारण्यात आला होता. मागील वर्षभरात आरोग्यसेवकाकडे गेलेल्यांपैकी किती जणांना त्याने तंबाखू सोडण्याचा सल्ला दिला? बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत उत्तर आले ४८.८ टक्के, तंबाखू खाणाऱ्या, चघळणाऱ्या वा दातांना लावणाऱ्यांच्या बाबतीत अवघे ३१.७ टक्के. म्हणजे धूम्रपान करणाऱ्या दर दोघांपैकी एकाला आणि तंबाखू खाणाऱ्या दर तिघांपैकी दोघांना, वर्षभर दवाखान्याच्या पायऱ्या चढूनही, ‘हे सोडा’ असे कोणी म्हटले नाही.

विलायतेतील धडा

वैद्यकीय व्यवसाय आणि तंबाखू यांच्या संबंधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. अमेरिकेत १९४६ पासून एका सिगारेट कंपनीच्या जाहिराती अशा असत की, इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर मंडळी आमचीच सिगारेट अधिक ओढतात. डॉक्टरांच्या प्रतिष्ठेचा वापर सिगारेट खपविण्यासाठी उघडपणे होत होता आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नव्हते. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघा संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांच्या पाहणीवरून फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवून दिला. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयींविषयी विचारले. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी उत्तरे दिली, आणि त्यांच्यापैकी ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याचा मागोवा पुढे ५० वर्षे घेण्यात आला.

२००४ साली प्रसिद्ध झालेला त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, सतत सिगारेट ओढणारे लोक न ओढणाऱ्यांच्या मानाने सरासरी १० वर्षे आधी मरण पावतात. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. ज्याने तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडले, त्याने ही गमावलेली जवळजवळ सर्व १० वर्षे परत मिळविली. चाळिशीत सोडणाऱ्याला सुमारे ९, पन्नाशीत सोडणाऱ्याला सुमारे ६ आणि साठीत सोडणाऱ्यालाही सुमारे ३ वर्षे मिळाली. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ हे पन्नाशीच्या माणसाचे नेहमीचे उत्तर यामुळे निराधार ठरते. साठ वर्षांच्या माणसाला ३ वर्षे आयुष्य देऊ शकेल असे औषध बाजारात आले, तर ते लिहून न देणाऱ्या डॉक्टरास लोक काय म्हणतील? येथे तर औषधही नको. एक सवय सुटली की पुरे.

या अभ्यासाचे आणखी एक फलित असे की, ज्यांची पाहणी चालली होती त्या डॉक्टरांनीच मोठ्या संख्येने सिगारेट सोडली. स्वतः डॉल यांनीही आपल्या आकड्यांचा अर्थ लक्षात येताच ती सोडून दिली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १९६२ साली धूम्रपानाविरुद्ध अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा ब्रिटनमधील डॉक्टर लोकांना जे सांगत होते ते स्वतः आचरू लागले होते. उपदेशाला आचरणाचे पाठबळ असले म्हणजे त्याचा परिणाम वेगळा होतो, हे काही नव्याने सांगावयास नको.

पाच टक्क्यांचे मोल

‘आम्ही सांगून काय होणार? रोगी ऐकतच नाहीत’, अशी तक्रार डॉक्टरांकडून नेहमी ऐकू येते. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. शंभर जणांना सांगावे आणि नव्वदांहून अधिक जणांनी पुढल्या भेटीत पुन्हा तंबाखूच्या वासासह समोर बसावे, हा अनुभव कोणालाही निराश करणारा आहे. परंतु या निराशेचा हिशेब मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली लंडनमध्ये मांडून दाखविला. २८ सामान्य डॉक्टरांकडे चार आठवड्यांच्या काळात आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचे त्यांनी गट पाडले. ज्या गटाला काहीच सांगितले नव्हते, त्यातील ०.३ टक्के लोकांनी पहिल्या महिन्यात धूम्रपान सोडून ते वर्षभर टाळले. ज्यांना डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटे समजावून सांगितले, त्यांच्यात हे प्रमाण ३.३ टक्के झाले. आणि ज्यांना या सल्ल्याबरोबर एक माहितीपत्रक देऊन ‘पुढे तुमची पुन्हा चौकशी केली जाईल’ असे बजावले होते, त्यांच्यात ते ५.१ टक्क्यांवर गेले.

पाच टक्के ही संख्या ऐकताना क्षुल्लक वाटते. पण त्यासाठी खर्च झाला तो मिनिट-दोन मिनिटांचा. एका डॉक्टरने हा परिपाठ ठेवला तर वर्षाकाठी सुमारे २५ माणसे कायमची धूम्रपानमुक्त होतील आणि ब्रिटनमधील सगळ्या सामान्य डॉक्टरांनी तो ठेवला तर वर्षाला पाच लाखांहून अधिक, असे गणित या संशोधकांनी मांडले. व्यसनमुक्तीची खास केंद्रे त्या वेळी तेथे पन्नासच्या आसपास होती. ती वाढवून दहा हजार केली तरी एवढे काम होणार नाही, असेही त्यांनी म्हटले. उपाय किती प्रभावी आहे यापेक्षा तो किती जणांपर्यंत पोहोचतो, यावर सार्वजनिक आरोग्याचे यश अवलंबून असते, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे क्वचितच सिद्ध झाले असेल. लक्षात घ्यावयाची दुसरी गोष्ट अशी की, तीन टक्क्यांचे पाच टक्के झाले ते पुन्हा चौकशी होणार या जाणिवेची जोड मिळाल्यामुळे. आपल्या सुटण्या-न सुटण्याची कोणाला तरी दखल आहे, ही भावना माणसाला बळ देते.

महाराष्ट्राचे वेगळेपण

हा विलायती धडा महाराष्ट्रात जसाच्या तसा उतरविता येत नाही. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के. म्हणजे ओढणाऱ्यांच्या सहापटीहून अधिक लोक तंबाखू खाणारे वा लावणारे आहेत. विदर्भात खर्रा आहे, पश्चिम महाराष्ट्रात मावा आहे, चुन्याबरोबर मळून बार भरण्याची रीत सर्वत्र आहे, आणि खेड्यांतील व शहरांच्या चाळींतील असंख्य स्त्रियांच्या घरी तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली मिश्री आहे. दवाखान्यातील नेहमीचा प्रश्न मात्र ‘बिडी-सिगारेट ओढता का?’ असाच असतो. पुरुष प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण तो ओढत नाही, खातो. स्त्रीला तर तो प्रश्नही विचारला जात नाही. मिश्रीला ती व्यसन मानीत नाही. तिच्या लेखी ते दात घासणे आहे, आणि सकाळी मिश्री लावल्यावाचून तिला कामाला सुचत नाही. ज्या सवयीवर सल्ला सर्वांत कमी मिळतो, तीच सवय या राज्यात सर्वांत अधिक आहे, हे या प्रश्नाचे मर्म आहे.

वस्तुतः या विषयातील ज्ञानाची उणीव महाराष्ट्राला कधीच नव्हती. मुंबईत सांघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ सालीच दाखवून दिला होता. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्यकीय संशोधकांनी केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील खेड्यांत जाऊन तंबाखू सेवन करणाऱ्या ३६ हजार लोकांची तोंडे तपासली. दरवर्षी तपासणी, समोरासमोर बसून सल्ला आणि गावात प्रचार, असा त्यांचा क्रम होता. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. सल्ला मिळालेल्यांत सवय सोडणारे अधिक निघाले आणि, विशेषतः एर्नाकुलम जिल्ह्यात, कर्करोगाची पूर्वसूचना देणारे तोंडातील पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण घटले. अशिक्षित खेडूत डॉक्टरांचे ऐकणार नाही, हा समज या देशाच्या भूमीवरच खोटा ठरलेला आहे.

मौनाचा अर्थ

मग डॉक्टर विचारीत का नाहीत? पहिले कारण अर्थातच वेळेचे आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाराबाहेर रांग लागलेली असते आणि एकेका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. दुसरे कारण शिक्षणाचे. तंबाखूमुळे होणारे रोग वैद्यकीय विद्यार्थ्याला तपशीलवार शिकविले जातात, परंतु तंबाखू सोडू पाहणाऱ्या माणसाशी काय आणि कसे बोलावे, याचा सराव त्या मानाने फार थोडा होतो. तिसरे कारण संकोचाचे. ज्या डॉक्टरच्या स्वतःच्याच खिशात सिगारेटचे पाकीट किंवा पुडी आहे, तो दुसऱ्याला काय सांगणार? आणि चौथे कारण पैशाचे. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी शासनाच्या आरोग्य योजनेतून खर्च मिळतो. ती शस्त्रक्रिया टळावी म्हणून डॉक्टरने खर्च केलेल्या पाच मिनिटांची किंमत कोणत्याही दरपत्रकात नाही.

ही कारणे खरी असली तरी ती पुरेशी नाहीत. डॉक्टर बोलले नाहीत तर त्याचा अर्थ रुग्ण आपल्या सोयीने लावतो. रक्तदाब तपासला, छाती तपासली, पथ्य सांगितले, मीठ कमी करावयास सांगितले, पण तंबाखूविषयी अक्षर काढले नाही. त्या अर्थी तिचा माझ्या दुखण्याशी संबंध नसावा, असे तो घरी जाऊन सांगतो. डॉक्टरांचे मौन ही एक प्रकारची परवानगी ठरते. जे बोलतात त्यांतील अनेकांचे बोलणे रागाचे असते. ‘असेच खात राहिलात तर मराल’ असे दरडावल्याने माणूस तंबाखू सोडीत नाही. तो पुढल्या खेपेस ‘सोडली’ असे खोटे सांगावयास मात्र शिकतो. धाकाने सत्य लपते, आणि सत्य लपले की उपचाराचा मार्गच खुंटतो.

कारण तंबाखूची ओढ ही निव्वळ मनाची दुर्बलता नव्हे. ओढलेल्या धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे त्याची गरज निर्माण करून ठेवते. ती गरज भागली नाही की चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, कामात लक्ष न लागणे हा त्रास सुरू होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो सर्वांत तीव्र असतो आणि सामान्यतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हे ज्याला आधी सांगितलेले असते तो तिसऱ्या दिवशी धीर धरतो. ज्याला सांगितलेले नसते त्याला वाटते की तंबाखूवाचून आपण आजारीच पडलो. सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकदा तरी घसरतात. मधुमेही माणसाची साखर वाढली म्हणून डॉक्टर त्याला हाकलून देत नाहीत, औषध बदलतात. तंबाखू पुन्हा सुरू करणाऱ्याकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

काय करता येईल

या कामाची रीत जगभर ठरून गेलेली आहे आणि ती अवघड नाही. प्रत्येक रुग्णाला विचारावे, स्पष्ट शब्दांत सल्ला द्यावा, त्याची तयारी किती आहे हे पाहावे, सोडण्यास मदत करावी आणि पुन्हा केव्हा यावयाचे ते ठरवून द्यावे. महाराष्ट्रात यातील पहिल्या पायरीचीच दुरुस्ती करावी लागेल. ‘मावशी, मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?’ असा प्रश्न डॉक्टरने सहजपणे, दोषाचा सूर न लावता विचारला तर उत्तर खरे मिळते. तोंड उघडावयास लावून गालाच्या आतील बाजू पाहिली आणि तेथे चट्टा असल्यास आरशात तो तिलाच दाखविला, तर पाकिटावरच्या चित्रापेक्षा त्याचा परिणाम निश्चितच अधिक होईल. दात काढावयास आलेला, छातीत दुखले म्हणून घाबरून आलेला, क्षयाचे औषध सुरू झालेला, घरात मूल येऊ घातलेला, असा माणूस त्या क्षणी ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. तो क्षण पुन्हा येत नाही. क्षयाच्या बाबतीत तर हे विशेषच महत्त्वाचे आहे. भारतात क्षयाने मरणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांच्या मृत्यूला धूम्रपान कारणीभूत असल्याचा निष्कर्ष तामिळनाडूतील मोठ्या पाहणीवरून २००३ साली काढण्यात आला होता.

मदतीची साधनेही आता हाताशी आहेत. निकोटिनयुक्त गोळ्या व पट्ट्या मिळतात. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत निकोटिनच्या पर्यायी उपचाराला स्थान मिळाले आहे. परंतु ही चघळण्याची गोळी चॉकलेटसारखी सतत चावावयाची नसते. थोडी चावून गालात धरून ठेवावयाची असते. एवढे सांगणारा कोणी नसला तर घसा जळजळतो, मळमळते आणि माणूस ती फेकून देऊन पुन्हा पुडीकडे वळतो. १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक २०१६ साली सुरू झाला आणि २०१८ पासून तो पाकिटांवर छापला जाऊ लागला. डॉक्टरांना वेळ नसेल तर औषधाच्या चिठ्ठीवर हा क्रमांक लिहून देणे तरी त्यांना अशक्य नाही. चिठ्ठीवर लिहिलेल्या गोष्टीला आपल्या समाजात तोंडी बोलण्याहून अधिक वजन असते.

शासनाची जबाबदारी यातून सुटत नाही. तंबाखूविषयक आंतरराष्ट्रीय करारास भारताने २००४ साली मान्यता दिली; त्यातील १४ वे कलम व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांना मदत देण्याविषयी आहे. तालुका पातळीवर ही मदत अजून पुरेशी दिसत नाही. तिशीवरील लोकांची माहिती घेताना आशा सेविका जो तक्ता भरते, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. पण ‘होय’ असे उत्तर आले तर त्या माणसाचे पुढे काय करावयाचे, याची साखळी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जोडली गेली नाही, तर ती नोंद कागदावरच राहणार. ब्रिटनमध्ये २००४ पासून रुग्णाच्या धूम्रपानाची नोंद ठेवणे व त्याला सल्ला देणे या कामाचा सामान्य डॉक्टरांच्या मोबदल्यात समावेश झाला. आपल्याकडेही आरोग्य योजनांच्या दरपत्रकात या कामाला जागा द्यावयास हवी. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने २०१६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने दारू व तंबाखूचा प्रश्न गाव, शाळा आणि दवाखाना अशा सर्व अंगांनी एकत्र हाताळण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांच्या शब्दाला गावाची साथ मिळाली पाहिजे, हा त्यामागील विचार अनुकरणीय आहे.

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सरकारी विमा महामंडळ देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे मोठे भागधारक आहे, तंबाखूच्या पिकासाठी सरकारचे स्वतंत्र मंडळ आहे, आणि महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी येऊनही तो चोरून मिळतोच. असे असता सारा भार डॉक्टरांच्या दोन मिनिटांवर टाकणे न्याय्य आहे काय? उत्तर असे की, शासनाने आपले कर्तव्य केले नाही म्हणून डॉक्टरांचे कर्तव्य संपत नाही. दूषित पाण्याची व्यवस्था नगरपालिकेने सुधारली नाही, म्हणून पटकीच्या रुग्णाला सलाईन लावण्याचे कोणी थांबविले नव्हते.

२०१६-१७ च्या पाहणीतील आणखी एक आकडा येथे ध्यानात घ्यावयास हवा. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि धूररहित तंबाखूचे सेवन करणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक ती सोडण्याचा विचार वा बेत करीत होते. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या तंबाखूसेवकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मनात ‘सोडावी’ असे आधीच आलेले असते. ते कोणी तरी विचारण्याची वाट पाहत असतात. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नाही, तर काही वर्षांनी तोच माणूस गालावर गाठ घेऊन परत येतो, आणि त्या वेळी विचारण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.